नवी वेबसाइट काढण्याआधी जुनी नीट वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची कंपनी कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवते. वेबसाइट आठ वर्षांची आहे, पानं साधारण तीनशे. संचालकांना ती जुनाट वाटते, त्यांना 'मॉडर्न लुक' हवाय. एजन्सीने होमपेजची तीन डिझाइनं पाठवली आहेत, आणि त्यातलं एक निवडून तीन महिन्यांत साइट चालू करायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. चौकश्या बऱ्याचशा गुगलवरून येतात, नव्या साइटनंतर त्या आटल्या तर काय, ही तुमची धास्ती. तर कोणतं डिझाइन घ्यावं आणि कशाकशाची काळजी घ्यावी?

तिन्हीपैकी एकही आत्ता निवडू नका. ती वाईट असतील असं मी म्हणत नाही, मी ती पाहिलेली नाहीत. पण होमपेज कसं दिसावं हा या कामातला चौथा-पाचवा प्रश्न आहे आणि तुमच्यापुढे तो पहिला म्हणून आलाय. एकदा रंग आणि फोटो टेबलावर आले की पुढची सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते, आणि साइटवर काय असायला हवं हे विचारायचं राहूनच जातं.

मी सोळा वर्षं हेच काम करतेय, त्यातलं बरंचसं यंत्रं आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांसाठी. नवी साइट दिसायला बरी झाली नाही म्हणून काम फसलं, असं क्वचितच पाहिलं. जुन्या साइटवर नेमकं काय होतं आणि त्यातलं कोण काय वापरत होतं, हे कोणालाच धड ठाऊक नसतं, म्हणून ते फसतं. आठ वर्षांत तुमच्या साइटपाशी तुमच्या ग्राहकांबद्दल बरीच माहिती साठली आहे. ती आधी काढून घ्या, मग साइटला हात लावा.

पहिलं काम यादीचं. साइटवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता एका स्प्रेडशीटमध्ये आणायचा. हे हाताने करायची गरज नाही, साइटभर फिरून पत्ते गोळा करणारे क्रॉलर मिळतात. त्यातल्या 'स्क्रीमिंग फ्रॉग' या क्रॉलरची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते; चित्रं आणि स्क्रिप्ट मोजणीतून वगळायची सेटिंग करून घेतलीत तर तीनशे पानांना ती पुरेल, पीडीएफ खूप असतील तर कमी पडू शकते. मात्र क्रॉलर एका लिंकवरून दुसरीवर जातो. ज्या पानाला साइटवरून लिंकच नाही ते त्याला दिसत नाही. जुन्या प्रदर्शनासाठी केलेलं पान, किंवा विक्री विभागाने ग्राहकाला मेलमधून पाठवलेली डेटाशीटची पीडीएफ, अशा गोष्टी नेमक्या इथे निसटतात. म्हणून क्रॉलरच्या यादीला आणखी तीन याद्या जोडा: सर्च कन्सोलमध्ये (तुमची साइट गुगलवर कशी दिसते हे दाखवणाऱ्या गुगलच्याच साधनात) दिसणारी पानं, ॲनालिटिक्समधली (साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनातली) पानं, आणि सर्व्हरच्या फोल्डरांमध्ये प्रत्यक्ष पडलेल्या फायली.

सर्च कन्सोलचं एक लक्षात ठेवा. ते १६ महिन्यांचीच आकडेवारी दाखवतं. काम लांबलं, आणि ते लांबतंच, तर नंतर तुलनेला लागणारे महिने मागून एकेक करत गळून गेलेले असतात. तेव्हा आजच सगळं उतरवून ठेवा. पडद्यावरून उतरवताना एका वेळी १,००० ओळीच मिळतात. तुमच्या पानांना एवढं पुरे, पण लोकांनी टाइप केलेल्या शोधशब्दांना कमी पडेल. म्हणून शोधशब्द उत्पादनगटाप्रमाणे गाळून वेगवेगळे उतरवा. आठ वर्षांच्या साइटची सुरुवातीची आकडेवारी जुन्या गुगल ॲनालिटिक्समध्ये असणार. ते १ जुलै २०२३ ला नवी माहिती घ्यायचं थांबलं आणि पुढच्या वर्षी त्यातलं जुनं पाहणंही बंद झालं. त्या वेळी कोणी ते उतरवून ठेवलं होतं का, हे आयटीत विचारून पाहा. मिळालं तर उपयोगाचंच आहे.

यादीत प्रत्येक पत्त्यापुढे हे लिहा: पानाचा विषय, गुगलवरून किती लोक आले, कोणते शब्द टाइप करून आले, बाहेरच्या कोणत्या साइटनी त्याला लिंक दिली आहे, त्या पानावरून चौकशी आली का. शेवटचे दोन रकाने निर्णयाचे: ठेवायचं, सुधारायचं, दुसऱ्यात मिसळायचं की काढायचं, आणि नव्या साइटवर त्याचा पत्ता काय असेल. हा कंटाळवाणा उद्योग आहे, दोन आठवडे जातात. पण पुढे जितक्या बैठका होतील त्या सगळ्यांत हीच शीट उघडी असेल.

एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं काम आठवतं. बारा वर्षांपूर्वी बनवणं थांबवलेल्या मॉडेलांची चाळीसेक पानं त्यांच्या साइटवर तशीच होती. बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं: बंद माल कशाला दाखवायचा, काढून टाका. माझ्यापुढे शोधशब्दांची यादी होती. मॉडेलचा नंबर आणि त्यापुढे 'सील किट'. दुसरा नंबर, 'इम्पेलर'. तिसरा, 'मॅन्युअल'. मी ओळीमागून ओळ मोठ्याने वाचायला लागले. सातव्या-आठव्या ओळीला सुट्या भागांचा विभाग सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "थांबा, ही माणसं माझ्याकडे येतात." ते खाली जाऊन चौकश्यांची नोंदवही घेऊन आले. मॉडेल बनवणं थांबलं होतं, पण विकलेले पंप ठिकठिकाणी चालूच होते आणि त्यांना सील लागत होती. ती चाळीस पानं राहिली. प्रत्येकावर एवढंच वाढवलं: हे मॉडेल आता बनत नाही, सुटे भाग मिळतात, त्याच्या जागी अमुक मॉडेल बसतं, आणि खाली चौकशीचा फॉर्म. व्हॉल्व्हचंही आयुष्य असंच लांब असतं. तुमच्या यादीत 'काढायचं' असं लिहिण्याआधी सुट्या भागांच्या विभागाला दाखवल्याशिवाय राहू नका.

यादीनंतर माणसांकडे वळा. फोन घेणारे आणि कोटेशन करणारे यांच्याजवळ दोन दिवस बसा आणि येणारे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. "हा गॅसला चालेल का?", "फ्लँज कुठल्या मापाची?", "टेस्ट सर्टिफिकेट मिळेल ना?" एकच प्रश्न दिवसातून चार वेळा येत असेल तर साइटवर त्याचं उत्तर नाही, किंवा आहे पण सापडत नाही. नव्या साइटच्या मजकुराचा अर्धा आराखडा या दोन दिवसांत हाती येतो, आणि त्याला एजन्सीही लागत नाही.

मग पाच ग्राहकांना जुनी साइट वापरताना पाहा. पाचच का? साइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलेलं गणित या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या करतो असं धरलं तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के सापडतात, आणि त्यापुढे बहुतेक तेच तेच कळत राहतं. ही सरासरी आहे, प्रत्येक साइटला ती तंतोतंत लागू पडत नाही. पण त्यातून निघणारा सल्ला मी वर्षानुवर्षं पाळतेय आणि तो खरा ठरलाय: पंधरा जणांना एकदाच बसवण्यापेक्षा पाच जणांना बसवा, दिसलेल्या अडचणी दूर करा, मग पुढच्या पाच जणांना बसवा. त्यांना मत विचारू नका. "साइट कशी वाटली?" या प्रश्नाला लोक सौजन्याने "छान आहे" म्हणतात. त्यांना काम द्या आणि गप्प बसून बघा.

एका देखभाल अभियंत्याला मी एवढंच सांगितलं होतं: या व्हॉल्व्हला जास्तीत जास्त किती तापमान चालतं ते शोधा. ते स्वतःच्या फोनवर शोधत होते. मेन्यू उघडला तर त्यात 'सोल्यूशन्स' आणि 'बिझनेस व्हर्टिकल्स'. अंगठा दोन्हींच्या मध्ये घुटमळला. एक दाबलं, परत आले, दुसरं दाबलं. चौथ्या प्रयत्नात उत्पादनाचं पान मिळालं. तिथे तापमान नव्हतं, 'डेटाशीट डाउनलोड करा' एवढंच होतं. ए-४ मापाचं पान फोनवर उघडलं. दोन बोटांनी मोठं केलं, तक्ता डावीउजवीकडे सरकवला. तापमानाचा रकाना दिसला तेव्हा मॉडेलच्या नावांचा रकाना पडद्याबाहेर गेला होता, त्यामुळे कोणती ओळ आपली तेच कळेना. दोनदा पुढेमागे केलं. मग फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "एवढ्यासाठी मी सेल्सला फोन लावला असता." विक्रीप्रमुख माझ्या शेजारी बसून हे सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच संचालकांना सांगितलं की होमपेजचं नंतर बघू, आधी उत्पादनाची पानं करू.

तुम्हालाही तेच सांगेन. एजन्सीला सांगा की पहिलं डिझाइन उत्पादनाच्या पानाचं करा. तुमच्याकडे गुगलवरून येणारा माणूस बहुतेक वेळा होमपेजवर उतरतच नाही. तो मॉडेल नंबर टाइप करतो आणि थेट आतल्या पानावर येतो. त्याच्यासाठी तेच तुमचं दार. त्या पानावर दाबाची आणि तापमानाची मर्यादा, मापं, धातू, जोडणीचा प्रकार, लागू असलेली मानकं हे सगळं साध्या मजकुरात आणि खऱ्या तक्त्यात हवं, चित्रात किंवा फक्त पीडीएफमध्ये नको. पीडीएफही ठेवाच, लोक ती छापतात आणि फायलीला लावतात. पण माहितीची ती एकमेव जागा नसावी.

आणि डिझाइन खऱ्या मजकुरावर करायला लावा. नमुना म्हणून भरलेला लॅटिन मजकूर नेहमी बेताच्या लांबीचा असतो, त्यामुळे त्यावर सगळंच सुबक दिसतं. एजन्सीला तुमच्या सर्वांत लांब नावाचं उत्पादन द्या, नऊ रकान्यांचा तक्ता द्या, जिचा फोटोच नाही अशी वस्तू द्या, आणि म्हणा की हे फोनच्या रुंदीत बसवून दाखवा. तिन्ही डिझाइनांपैकी कोणतं टिकतं ते तिथे कळेल.

मजकूर कोण लिहिणार, हा प्रश्न करारावर सही होण्याआधी सोडवा. एजन्सीच्या वेळापत्रकात 'मजकूर: ग्राहकाकडून' अशी एक ओळ असते. ती एक ओळ म्हणजे तीनशे पानं, आणि ती लिहिणारा माणूस कंपनीत कोणीच नेमलेला नसतो. मी पाहिलेल्या कामांत उशीर झाला तो जवळजवळ प्रत्येक वेळी इथे झाला, प्रोग्रॅमिंगमध्ये नाही. तांत्रिक माहिती एका अभियंत्याने तपासायची, भाषा एकाने बघायची, आणि अंतिम होकार एकाच व्यक्तीने द्यायचा. तिचं नाव कागदावर हवं. पाच जणांचा होकार लागणारं पान कधीच पुरं होत नाही. तीन महिन्यांत तीनशे पानं धड लिहून होणार नाहीत, हे संचालकांना आत्ताच सांगून टाका. माझ्या अंदाजाने पाच ते सहा महिने धरा.

मेन्यूबद्दल फार लांबण लावत नाही. तुमच्या विभागांची नावं तिथे नकोत, ग्राहक फोनवर वापरतात ते शब्द हवेत. उत्पादनांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून आठ-दहा ग्राहकांना त्यांचे गट पाडायला सांगा. ते प्रवाह, दाब किंवा वापराच्या जागेप्रमाणे गट पाडतील, तुमच्या कारखान्याच्या विभागणीप्रमाणे पाडणार नाहीत. होमपेजवरच्या सरकत्या फोटोंचा स्लायडर मी शक्य तिथे काढायलाच लावते. पाच विभागांना होमपेजवर जागा हवी असते, म्हणून पाच पट्ट्या येतात, आणि वाचणारा पहिली पुरी व्हायच्या आत खाली सरकलेला असतो. त्या जागी एक वाक्य लिहा: तुम्ही काय बनवता आणि ते कोणाच्या उपयोगाचं आहे. त्याखाली मॉडेल नंबरने शोधायची चौकट.

दिसण्याच्या बाबतीत दोन-तीन मापं आग्रहाने पाळा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ : १ चालतो. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या मानकातलीच ही मापं आहेत. 'मॉडर्न लुक'च्या नावाखाली येणारी पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं तिथे नापास होतात. चष्मा लावणारा, किंवा उन्हात उभं राहून फोन बघणारा माणूस ती वाचू शकत नाही, आणि तुमचे बरेच ग्राहक उन्हातच उभे असतात. फॉर्मच्या प्रत्येक चौकटीचं नाव चौकटीबाहेर लिहिलेलं असावं. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच नाहीसं होतं. माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर चौकशीचा फॉर्म भरून पाठवता येतो का, हे तुम्ही स्वतः करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

वेगासाठी गुगलची तीन मापं आहेत: पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडू नये, म्हणजे त्याचा गुणांक ०.१ च्या आत राहावा. तीही प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या ७५ टक्के भेटींत पाळली गेली पाहिजेत. यातलं मधलं माप मार्च २०२४ मध्ये आलं, त्यामुळे एजन्सीच्या जुन्या करारनाम्यात ते नसेल. ही मापं करारात लिहून घ्या. वेग बिघडवणारे नेहमीचेच असतात: होमपेजवरचा मोठा व्हिडिओ, कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेले फोटो, कमीजास्त जाडीचे चार-चार फॉन्ट, आणि मार्केटिंगने एकामागून एक जोडलेली चॅट आणि मोजमापाची साधनं. एजन्सीच्या कार्यालयातल्या नव्या लॅपटॉपवर सगळं झटकन उघडतं. तुमच्या गोदामात एखाद्याकडे तीन वर्षांचा साधा फोन असेल, त्यावर उघडून बघा.

आता तुमच्या धास्तीकडे येते, म्हणजे गुगलकडे. चौकश्या आटतात त्याचं सर्वांत मोठं कारण पत्ते बदलणं हे आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात, आणि मी प्रत्येक कामात इथूनच सुरुवात करते. सॉफ्टवेअर बदललं, डिझाइन बदललं, तरी पानाचा पत्ता तोच ठेवता येतो. एजन्सी म्हणेल की नव्या सिस्टिमला हे पत्ते जमत नाहीत. बहुतेक वेळा जमतात, थोडं जास्त काम करावं लागतं इतकंच.

जिथे बदलणं अटळ असेल तिथे जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप नेणारं वळण, लावा. ३०१ म्हणजे 'कायमचं हललं', ३०२ म्हणजे 'तात्पुरतं'. हे एकास एक असावं: त्या व्हॉल्व्हचं जुनं पान त्याच व्हॉल्व्हच्या नव्या पानावर जावं. आळस करून सगळे जुने पत्ते होमपेजवर वळवले जातात. गुगल अशा पत्त्यांना 'पान सापडलं नाही' याच हिशेबात धरतं, आणि माणूसही वैतागतो, कारण त्याने मागितलं एक आणि उघडलं भलतंच. जुन्यावरून मधल्यावर आणि मधल्यावरून नव्यावर अशी साखळीही नको. थेट शेवटच्या पत्त्यावर न्या. ही वळणं निदान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं. मी म्हणेन, डोमेन तुमच्याकडे आहे तोवर काढूच नका. तुमच्या डेटाशीटचा पत्ता एखाद्या ग्राहकाच्या खरेदी-फायलीत सहा वर्षांपासून चिकटवलेला असतो, आणि तो माणूस तुम्हाला कळवणार नाही की लिंक मेली. तो दुसऱ्याकडे जाईल.

आणखी एक. गुगल पानं वाचतं ती फोनवर दिसतात तशी. हा बदल २०१६ साली जाहीर झाला आणि २०२३ च्या अखेरीपर्यंत पुरा झाला. फोनवर 'गर्दी होते' म्हणून तांत्रिक तक्ता काढून टाकलात तर गुगलच्या दृष्टीने तो साइटवर नाहीच. आणि नवं डिझाइन, नवी सिस्टिम, नवं डोमेन हे सगळं एकाच दिवशी करू नका. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं तेच कळत नाही. कंपनीचं नाव बदलत नसेल तर डोमेनला हातच लावू नका.

साइट चालू करायच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे माझे हात पोळले आहेत. तयार होत असलेल्या साइटवर गुगलला मज्जाव करणारा 'नोइंडेक्स' टॅग लावलेला असतो. तो काढायला विसरलं की साइट लोकांना दिसते, पण गुगलमधून पान-पान करत गळत जाते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी होतं, कारण ते काढायचं काम कोणाच्या नावावर नसतं. ते कोणाचं, हे लिहून ठेवा. त्याहून जास्त मला फॉर्म टोचतो. एका कामात आम्ही चौकशीचा फॉर्म तीनदा तपासला होता. 'धन्यवाद, आम्ही संपर्क करू' असा संदेश दर वेळी आला. तो मेल मात्र कंपनी सोडून गेलेल्या एका व्यक्तीच्या बंद पत्त्यावर जात होता. अकरा दिवसांनी विक्री विभागाने विचारलं की यंदा इतकं शांत कसं. त्या अकरा दिवसांतल्या चौकश्या डेटाबेसमध्येही साठत नव्हत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. ती चूक माझी होती: मी पडद्यावरचा संदेश पाहून खूण केली, मेल उघडून पाहिली नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की चौकशी मेलने जावी आणि डेटाबेसमध्येही नोंदली जावी, आणि ती घेणाऱ्या माणसाने स्वतः 'मिळाली' असं कळवेपर्यंत फॉर्म तपासला असं म्हणायचं नाही.

सर्व्हर बदलणार असाल तर डीएनएसच्या नोंदींचा (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं हे सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवली जाते ती मुदत, एक-दोन दिवस आधी कमी करून घ्या, ३०० सेकंद वगैरे, म्हणजे काही चुकलं तर पटकन मागे फिरता येतं. या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हरच बदलत असतील तर कंपनीची मेल कुठे पोचवायची हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जशाच्या तशा नव्या जागी आल्या आहेत का ते आधी बघा. साइट उत्तम चालते आणि कंपनीची ईमेल बंद, असा गोंधळ याच एका विसरलेल्या नोंदीमुळे होतो. शुक्रवारी संध्याकाळी साइट चालू करू नका, मंगळवारी सकाळी करा. जुन्या पत्त्यांची ती शीट घेऊन प्रत्येक पत्ता नव्या साइटवर कुठे पोचतो हे त्याच क्रॉलरने तपासून घ्या. आणि जुन्या साइटची पूर्ण प्रत वर्षभर कुठेतरी उघडता येईल अशी ठेवा, 'त्या पानावर काय होतं?' हा प्रश्न हमखास येतो.

पुढचे काही आठवडे आकडे वरखाली होतील, घाबरून रोज काहीतरी बदलत बसू नका. पहिले पंधरा दिवस 'सापडलं नाही' अशा पत्त्यांची यादी रोज बघा आणि राहिलेली वळणं लावा. तुलना करायची ती मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी. आणि भेटींची संख्या कमी होऊन चौकश्या तेवढ्याच राहिल्या तर काळजीचं कारण नाही, तुम्हाला हव्या आहेत त्या चौकश्याच.

मालकीचंही बघून घ्या. डोमेनची नोंदणी, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि ॲनालिटिक्सची खाती कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर असली पाहिजेत, एजन्सीच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक पत्त्यावर नाहीत. फॉन्ट आणि फोटोंचे परवाने कोणाच्या नावाने घेतले जाताहेत तेही विचारा. आणि साइट झाल्यावर एका उत्पादनाचा तक्ता तुम्हाला स्वतःला बदलता येतो का, हे करून दाखवायला सांगा. त्यासाठी दर वेळी एजन्सीला मेल करावा लागणार असेल तर दोन वर्षांत तक्ते चुकीचे झालेले असतील.

सगळी साइट एकदम बदलायलाच हवी असंही नाही. जुनी सिस्टिम सुरक्षेच्या दृष्टीने अजून सांभाळली जात असेल, तिची अपडेट येत असतील, तर मी तुमच्या जागी आधी सर्वांत जास्त चौकश्या आणणारी तीस उत्पादनं घेतली असती. त्यांची पानं नव्या पद्धतीने करायची, दोन महिने आकडे बघायचे, मग पुढचा गट. संचालकांना दोन महिन्यांत डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी मिळतं, आणि चूक झालीच तर ती तीस पानांपुरती राहते. त्यांना 'मॉडर्न' म्हणजे काय अभिप्रेत आहे, हेही याच वेळी विचारून घ्या: आवडलेल्या तीन साइट दाखवा आणि तिथे काय आवडलं ते सांगा. मी हे विचारलंय तेव्हा उत्तर बऱ्याचदा 'पटकन उघडते', 'फोटो स्पष्ट आहेत', 'हवं ते लगेच मिळतं' असं आलंय. नव्या रंगांचा त्यात उल्लेखही नसतो.

एजन्सीला आज उत्तर पाठवायचं असेल तर एवढंच लिहा: होमपेजचा निर्णय पुढे ढकलतोय, आधी दोन आठवड्यांत सध्याच्या साइटच्या सर्व पत्त्यांची यादी आणि एका उत्पादन-पानाचा फोनवरचा आराखडा पाठवा. सोबत तुमची सर्वांत किचकट डेटाशीट जोडा. आणि यादीत पीडीएफ वेगळ्या मोजायला सांगा. तुमच्यासारख्या कंपन्यांच्या साइटवर मला त्या बहुतेक वेळा पानांपेक्षा जास्त सापडल्या आहेत.